मासिकातलं शुद्धिपत्र कुठं गेलं?

वाचकाचं पत्र

ताई, मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त झालो. राहायला शाहूपुरीत, कुंभार गल्लीजवळ. इलेक्ट्रॉनिक्सचा नाद तरुणपणापासूनचा. १९८६ पासून एका हौशी इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकाची वर्गणी एकदाही चुकवलेली नाही. पूर्वी अंक आला की रात्री जेवण उरकून पेन्सिल घेऊन बसायचो, आठवडा पुरायचा. आता पंधरा मिनिटांत अंक संपतो. पानं निम्म्यावर आली. कंपन्यांच्या बातम्या आणि 'कोणता मोबाइल घ्यावा' हेच जास्त. सर्किटं दोन-तीन, त्यांतही चुका. गेल्या पावसाळ्यात त्यातला बिनट्रान्सफॉर्मरचा एलईडी दिवा करून नातवाच्या खोलीत लावला. दोन महिन्यांत कंडेन्सर फुगून उडाला. छापलं होतं तसाच ०.४७ मायक्रोफॅरड, २५० व्होल्टचा घातला होता. दुसरा तसलाच घालून परत लावलाय, पण मन खातंय. मुलगा म्हणतो, "बाबा, सगळं नेटवर फुकट मिळतंय, वर्गणी कशाला?" २०१९ च्या महापुरात खालच्या ट्रंकेतले अंक भिजून गेले. उरलेले गठ्ठे माळ्यावर आहेत, सुनेला ते काढायचेत. नातू आठवीत आहे, त्याला शिकायचंय. जवळजवळ चाळीस वर्षांचं नातं तोडू का? आणि पोराला शिकवू कशातून?

उत्तर

काका, बाकीचं नंतर. आधी उठा, त्या दिव्याचं बटण बंद करा आणि पिन बोर्डातून काढा. काढल्यावर पिनेच्या पितळी काड्यांना हात लावू नका, थोडा वेळ ती तशीच बाजूला ठेवा. मग हे पुढचं वाचा.

आपल्या घरातली वीज २३० व्होल्ट म्हणतो, पण तो आकडा सरासरीच्या हिशेबाचा आहे. लाटेचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातं आणि सेकंदाला शंभर वेळा जातं. फिल्म कंडेन्सरवर नुसतं २५० व्ही लिहिलेलं असलं तर तो बहुधा डीसीचा आकडा असतो. म्हणजे तुमचा कंडेन्सर लावल्या क्षणापासून सोसवेल त्याच्या वर दाब खात होता. तो दोन महिने टिकला हेच नवल. दुसराही उडणारच, फक्त कधी ते सांगता येत नाही. मेनवर, म्हणजे घरातल्या विजेवर, थेट बसणारा कंडेन्सर एक्स टू या सुरक्षा वर्गाचा आणि २७५ व्होल्ट एसी असं अंगावर छापलेलाच लागतो. त्याला समांतर ४७० किलोओहमचे दोन रेझिस्टन्स एकामागोमाग एक जोडलेले हवेत, नाहीतर पिन काढल्यावरही कंडेन्सर भरलेला राहतो आणि काड्यांना हात लागला की झटका देतो. दोन अशासाठी की बऱ्याचशा पाव वॅटच्या रेझिस्टन्सला एकट्यानं एवढा दाब झेपत नाही. शिवाय मालिकेत ४७ ते १०० ओहमचा, एक वॅटचा रेझिस्टन्स हवा, बटण दाबल्याबरोबर येणारा पहिला लोंढा अडवायला. तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या त्या पानाच्या झेरॉक्समध्ये यातलं एकही नाही.

०.४७ ही किंमत मात्र बरोबर आहे. पन्नास सायकलला तिचा अडथळा ६.८ किलोओहमच्या आसपास येतो, म्हणजे सुमारे ३४ मिलिअँपियर. एलईडीच्या माळेला तेवढं ठीक. लेखकाला गणित येत होतं, पण त्यानं ही वस्तू बोर्डात लावून त्याच खोलीत झोपायचं धाडस केलं असेल असं मला वाटत नाही.

सगळं बरोबर लावलं तरी या दिव्यात मेनपासून वेगळेपणा कुठंच नाही. प्रत्येक एलईडीचा पाय फेजला बांधलेला समजायचा. लहान मुलाच्या खोलीत हे नकोच. जुना, चांगल्या कंपनीचा मोबाइल चार्जर घरात पडलेला असेल. त्याच्या ५ व्होल्टवर पांढरा एलईडी आणि १५० ओहमचा रेझिस्टन्स जोडा, साधारण १३ मिलिअँपियर जातील, रात्रीच्या दिव्याला भरपूर झालं.

आता मासिकाकडे येते. त्याचं नाव मी मुद्दाम छापत नाही, कारण जे झालं ते एकाच मासिकाचं झालेलं नाही. मी स्वतः अकरा वर्षं एका हौशी मासिकात तांत्रिक उपसंपादक होते. आत बसून हे सगळं पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या ऑफिसच्या मागच्या खोलीत एक लांब टेबल होतं. त्यावर ऑसिलोस्कोप, दोन पॉवर सप्लाय, सोल्डरिंगची गन आणि भिंतीला लागून छोट्या खणांचं कपाट. त्या टेबलावर एक गृहस्थ बसायचे, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. लेखकांची सर्किटं पोस्टानं यायची, रेघी कागदावर काढलेली. मामा ती ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता पार्ट खोचायच्या भोकांच्या पाटीवर, स्वतः उभी करायचे, आणि लेखकानं पाठवलेल्या पार्टवर कधीच नाही. माणूस पाठवून बाजारातून पार्ट आणवायचे, कारण वाचक तेच आणणार. नाही चाललं तर कागद साभार परत, सोबत मामांची चार ओळींची चिठ्ठी. चाललं तर एक दिवस तसंच चालू ठेवून द्यायचे आणि संध्याकाळी कोणता पार्ट तापलाय ते बोटानं बघायचे. तुमचा तो २५० व्होल्टचा कंडेन्सर मामांच्या नजरेखालून एक मिनिटसुद्धा गेला नसता.

तुम्ही फोरमन होता, तेव्हा तुमच्याच भाषेत सांगते. लेथवर पाचशे नगांचा लॉट लावायचा असेल तर तुम्ही पहिला पीस काढून घेता, मायक्रोमीटर लावता, ड्रॉइंगशी ताडून बघता आणि मगच 'चालू दे' म्हणता. मामांचं टेबल म्हणजे आमचा पहिला पीस होता. आमचा लॉट हजारो वाचकांचा.

तरीही चुका जायच्याच. ट्रेसिंग करणाऱ्याकडून एखादी रेघ जोडली जायची, छपाईत दशांश चिन्ह उडायचं, ४.७ चे ४७ व्हायचे. मग पत्रं यायची. सांगलीहून, बेळगावहून, कुठल्याशा साखर कारखान्याच्या कॉलनीतून. 'अमुक पानावर पिन दोन आणि तीन उलट आहेत, मी बदलून बघितलं, चाललं.' ती पत्रं मामांच्या टेबलावर जायची, ते पडताळून बघायचे, आणि पुढच्या अंकात शुद्धिपत्र लागायचं. ते लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची, दर महिन्याला आपणच आपल्या चुका मोजून दाखवतोय असं वाटायचं. हळूहळू कळलं की अंकातली सर्वांत मोलाची तेवढीच बोटभर जागा आहे. कुणीतरी आमचं सर्किट खरंच उभं केलं, अडल्यावर कुणीतरी पोस्टकार्ड लिहिलं आणि इकडं कुणीतरी ते वाचून मान्य केलं, एवढं सगळं त्यात असायचं. तुमच्या जुन्या अंकांत ती चौकट शोधा, सापडेल. आणि गेल्या चार-पाच वर्षांतल्या अंकांत शोधा. चुका वाढल्यात असं तुम्हीच लिहिता, मग शुद्धिपत्रही वाढायला हवं होतं. ते नाहीसं झालंय. मासिक कधी ढासळलं हे मला कुणी विचारलं तर मी पानांची संख्या बघणार नाही, शुद्धिपत्र कोणत्या महिन्यात बंद झालं ते बघेन.

का झालं असं? पैसा हे पहिलं कारण, आणि ते वाचकाला दिसत नाही. वर्गणीत मासिक कधीच भागत नव्हतं. ते चालायचं जाहिरातींवर, आणि हौशी मासिकाच्या जाहिराती म्हणजे पार्ट विकणाऱ्यांच्या भावयाद्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांची चार-चार पानं बारीक टाइपात यायची. कोल्हापुरात बसून कोणता आयसी (चिप) किती रुपयांना आहे आणि व्हीपीनं, म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन, मागवता येतो का, हे कळायला दुसरा मार्गच नव्हता. वाचक ती पानं लेखांइतकीच मन लावून वाचायचे. दुकानदारांनी भाव नेटवर टाकायला सुरुवात केली आणि ही पानं गेली. त्यात दुकानदारांचा दोष नाही, रोज बदलणारा भाव महिन्याच्या अंकात छापण्यात अर्थच उरला नव्हता. पण त्या पानांच्या पैशावर मामांचं टेबल उभं होतं.

मामा निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. टेबल हलवून तिथं दोन कॉम्प्युटर बसले. पुढच्याच तिमाहीत पहिली न तपासलेली सर्किटं छापली गेली. एक अजून आठवतं. लेखकानं टू एन ३९०४ ट्रान्झिस्टर वापरला होता. आपल्याकडे बीसी ५४७ सहज आणि स्वस्त मिळतो म्हणून आमच्यापैकी कुणीतरी नाव बदललं, पायांचं चित्र तसंच ठेवलं. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर पहिल्याचे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर, आणि दुसऱ्याचे बरोबर उलटे. उलटा लागलेला ट्रान्झिस्टर पुरता मरतही नाही. लंगडत, अर्धवट चालतो, म्हणून नवशिक्याला चूक सापडत नाही. त्याला वाटतं आपलंच सोल्डरिंग कच्चं आहे. पत्रं आली. मी शुद्धिपत्र लिहून दिलं. ते लागलं नाही, कारण ती जागा एका कंपनीच्या पैसे देऊन छापायच्या लेखाला दिलेली होती. मी भांडले, पण थांबवू शकले नाही. आठवी-नववीतली किती मुलं त्या महिन्यात 'मला हे जमत नाही' म्हणून सोल्डरिंग आयर्न ठेवून उठली असतील, हा विचार मला आजही सुखानं बसू देत नाही. तुमचं पत्र वाचताना तोच विचार पुन्हा आला.

आता तुमच्या मुलाचं म्हणणं. तो बऱ्याच अंशी बरोबर बोलतोय, हे तुम्ही मोकळ्या मनानं घ्या. आपल्या वेळी एखाद्या आयसीची माहिती हवी तर कंपनीचं डेटाबुक कुणाकडे आहे ते शोधायचं, त्याच्या घरी जायचं, चहा घेत घेत वहीत उतरवून आणायचं. आज तीच पानं कंपनीच्याच नावाखाली फोनवर दोन मिनिटांत उघडतात. सोल्डर करताना टोक आधी कुठं टेकवायचं, शिसं कधी लावायचं, जोड चमकदार दिसायला हवा म्हणजे नेमका कसा, हे छापील चित्रात कधीच नीट दाखवता आलं नाही, व्हिडिओत एका नजरेत कळतं. प्रोग्रामचं तर बोलायलाच नको. २००५ मध्ये इटलीत आर्डुइनो हा प्रोग्राम भरून चालवायचा छोटा बोर्ड आला, आणि हौशी माणसाचं निम्मं सर्किट प्रोग्राममध्ये गेलं. तीनशे ओळी कागदावर छापायच्या आणि वाचकानं एकेक अक्षर टाइप करत बसायचं, हे कोण करणार? हे सगळं मासिकाच्या हातून जाणारच होतं, गेलं ते बरंच झालं.

माझी खरी तक्रार पुढची आहे. मासिकं नेमकी त्याच गोष्टींच्या मागं धावली ज्यात ती हरणार हे ठरलेलं होतं. लिहिल्यापासून वाचकाच्या हातात पडेपर्यंत महिना-दीड महिना घेणारं मासिक बातमी देऊन जिंकणार कसं? तरी पानं बातम्यांनी भरली. आणि जे नेटवर नव्हतं, अजूनही फारसं नाही, ते तपासणीचं टेबल आणि चूक कबूल करायची चौकट, तेवढंच पहिल्यांदा मोडीत काढलं.

मुलगा 'सगळं' म्हणतो तिथं मात्र चुकतो. तुमच्या दिव्याचं सर्किट नेटवर दहा ठिकाणी सापडेल. त्यातल्या काहींत कंडेन्सर बरोबर असेल, काहींत नसेल, आणि दोन्ही चित्रं सारखीच स्वच्छ, सारखीच रंगीत असतील. एकाचं दुसऱ्यानं उचललेलं, मूळ कुणाचं ठाऊक नाही, म्हणून चूक कळवायची तर कुणाला, हाही प्रश्न. तुम्हाला ती चित्रं वेगळी ओळखता येतील, आठवीतल्या पोराला कशी येणार?

दुसरंही एक आहे. नेटवर आपण जे विचारतो ते मिळतं. विचारायचं काय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला अंक उपयोगी पडायचा. रेडिओची दुरुस्ती वाचायला उघडलेल्या अंकात भलतंच काहीतरी भेटायचं. वायरलेस वर्ल्ड या इंग्लंडच्या मासिकात ऑक्टोबर १९४५ मध्ये आर्थर क्लार्क या विज्ञानकथालेखकाचा लेख आला होता. विषुववृत्ताच्या वर, पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवून घेणारे तीन उपग्रह ठेवले तर जवळजवळ सगळ्या जगाला प्रक्षेपण पोचेल, असं त्यात मांडलं होतं. तेव्हा एकही उपग्रह आकाशात नव्हता. पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स या अमेरिकन मासिकाच्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाचा घरी जोडायचा कॉम्प्युटर होता. तो अंक बघून पॉल ॲलन आणि बिल गेट्स कामाला लागले आणि त्यातून मायक्रोसॉफ्ट उभी राहिली. तुम्हीसुद्धा ज्यासाठी अंक घेतला होता त्याच्या शेजारच्या पानावर काय काय शिकलात, ते आठवून बघा.

आणि हे दुःख एकट्या आपल्याकडचं नाही. बाइट या कॉम्प्युटरच्या मासिकाचा शेवटचा छापील अंक जुलै १९९८ चा. १९३७ पासून निघणारं पॉप्युलर फोटोग्राफी २०१७ मध्ये छापायचं थांबलं. पॉप्युलर सायन्स १८७२ चं, ते २०२१ मध्ये कागदावरून उतरलं आणि २०२३ मध्ये मासिक म्हणूनही संपलं. उलट अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांच्या संघटनेचं क्यूएसटी १९१५ पासून चालू आहे. ते सभासदांच्या वर्गणीवर चालतं आणि संघटनेची स्वतःची प्रयोगशाळा आहे. बाजारात आलेला रेडिओ तिथं मोजला जातो आणि आकडे छापले जातात. २०२४ पासून छापील अंकाचे पैसे वेगळे घेतात, पण मोजायचं टेबल ठेवलंय. तेव्हा कागद राहिला की गेला यावर मी फार अडून बसणार नाही. मोजतं कोण आणि त्या मोजणाऱ्याला पगार कुणाच्या खिशातून जातो, ते मला महत्त्वाचं वाटतं.

आता वर्गणीचं. लगेच तोडू नका, पण डोळे झाकून भरूही नका. गेल्या सहा महिन्यांचे अंक टेबलावर काढा. प्रत्येक सर्किटाबरोबर तयार केलेल्या वस्तूचा फोटो आहे का बघा, म्हणजे त्याच सर्किटाचा, कुठून तरी उचललेला शोभेचा नव्हे. पार्ट आज दुकानात मिळतात का? लेखकाला विचारायला काही पत्ता दिलाय का? आणि सहा अंकांत मिळून एक तरी शुद्धिपत्र आहे का? मग संपादकांना पत्र लिहा. रागाचं नको, फोरमनचं लिहा: अंक कोणता, पान कोणतं, काय छापलंय, काय हवं होतं, काय घडलं. उडालेल्या कंडेन्सरचा फोटो जोडा. हे पत्र तुम्ही वर्गणी ठेवा की सोडा, गेलंच पाहिजे, कारण तो दिवा आणखी कुणाच्या तरी घरात लागलेला असणार. दोन अंक वाट बघा. दुरुस्ती छापली तर ते घर अजून जागं आहे, वर्गणी भरा, आणि त्यांना कळवा की याच कारणासाठी भरतोय. नाही छापली तर थांबा. चाळीस वर्षांचं नातं तुम्ही तोडताय असं मनाला लावून घेऊ नका. तुमचं नातं टेबलावर बसणाऱ्या माणसांशी होतं, आणि ती माणसं तिथून उठून बराच काळ झाला. वाचलेल्या पैशातून नातवासाठी बऱ्यापैकी मल्टीमीटर आणि त्याच्या हाताला झेपेल असं २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न घ्या.

गठ्ठ्यांच्या बाबतीत मी सूनबाईंच्या बाजूनं थोडी आणि तुमच्या बाजूनं जास्त आहे. सगळं ठेवू नका. मोबाइलचे सल्ले, प्रदर्शनांच्या बातम्या, कंपन्यांची कौतुकं असलेले अंक बिनधास्त रद्दीत द्या. ज्या अंकात तुमची पेन्सिल फिरलीय तो एकही देऊ नका. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय, 'पेन्सिल घेऊन बसायचो'. काका, मासिकानं जे शुद्धिपत्र छापणं सोडून दिलं ते तुमच्या समासात चाळीस वर्षं लिहिलं जात होतं. कोणता रेझिस्टन्स बदलला, कोणता पार्ट मिळाला नाही म्हणून काय घातलं, काय तापलं, काय चाललं. ते जगात दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी नाही, नेटवरही नाही. एक लांब रजिस्टर घ्या आणि त्यात उतरवा: साल, महिना, पान, सर्किटाचं नाव, मुख्य पार्ट, स्वतः केलं की नाही, काय दुरुस्त केलं. रोज दोन अंक घेतले तरी पुढच्या पावसाळ्याच्या आत होईल. नंतर वर्षावर्षाचे अंक बाइंडरकडून बांधून घ्या. आणि सूनबाईंना सांगा, माळ्यावर गठ्ठ्यांऐवजी झाकणाच्या प्लास्टिकच्या पेट्या राहतील, संख्येनं निम्म्याहून कमी.

पुराचं एक सांगून ठेवते, कारण पंचगंगा पुन्हा कधी बाहेर येईल ते कुणाच्या हातात नाही. गुळगुळीत कागदाचे अंक भिजले की लोक ते तसेच वाळवतात, आणि वाळल्यावर पानं एकमेकांना अशी चिकटतात की सुटतच नाहीत. ओले असतानाच पानांमध्ये साधा कोरा कागद घालत जायचं, तो ओला झाला की बदलायचा, आणि सावलीत, पंख्याखाली. २०१९ ला हे कुणी सांगितलं असतं तर तुमची ट्रंक कदाचित थोडीफार वाचली असती.

खुणा नसलेले पण चांगले अंक उरतील, विशेषतः क्रमशः धड्यांचे. करवीर नगर वाचन मंदिरात विचारा, १८५० पासूनची संस्था आहे, जुन्या कागदाची किंमत जाणते. आयटीआय किंवा पॉलिटेक्निकच्या शिक्षकांनाही विचारा. पोती मात्र आधी नेऊन टाकू नका. यादी करून न्या, जागेची अडचण सगळीकडे असते, त्यांना निवडू द्या.

नातवाला शिकवायला मला तर तुमच्या माळ्यापेक्षा चांगली शाळा दिसत नाही. ५५५ हा टायमरचा आयसी १९७२ मध्ये बाजारात आला, आजही चिल्लर पैशांत मिळतो. ७४१, ७८०५, बीसी ५४७, सगळं मिळतं. म्हणजे १९८८ च्या अंकातलं सर्किट आज जसंच्या तसं उभं राहतं. एसी १२८ वगैरे जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर असतील ती पानं सोडा, ते पार्ट शोधण्यात पोराचा उत्साह संपेल. सुरुवात नऊ व्होल्टच्या बॅटरीवर. मेनची वायर त्यानं इतक्यात धरायची नाही, तुम्ही शेजारी असलात तरी नाही. सोल्डरिंग त्याला व्हिडिओ बघून शिकू द्या, त्यात कमीपणा मानू नका. आयसीचे पाय आणि सोसण्याचे आकडे कंपनीच्या कागदावरून त्यानंच फोनवर काढायचे आणि अंकातल्या चित्राशी ताडून बघायचे. मासिक आणि नेट एकमेकांची तपासणी करतील आणि टेबलावर बसलेला मुलगा मामांचं काम करेल.

एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्याला खरी कॉर्नरला घेऊन जा, कॅमेऱ्याचा स्तंभ दाखवा. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी इथं, आपल्या गावात, स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला. शिकवायला पुस्तक नव्हतं. आधी जुना प्रोजेक्टर उघडून फिल्म कशी सरकते ते डोळ्यांनी बघितलं, मग विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन घासून, कातून, फसून पुन्हा करून तो उभा केला. आपण 'नाद खुळा' म्हणतो तो हा. उद्यमनगरात बंद पडलेलं मशीन खोलून त्याच्यासारखं दुसरं करणारी माणसं तुम्ही जवळून पाहिली आहेत, त्यांच्या गोष्टी त्याला सांगा. त्या कुठल्याच अंकात छापलेल्या नाहीत.

पहिल्या रविवारी काय करायचं तेही सांगते. तुमच्या खुणांचा एखादा जुना अंक काढा, ज्यात ५५५ चं साधं, बॅटरीवरचं सर्किट आहे आणि तुम्ही कधीतरी त्यातली चूक पकडून दुरुस्त केलेली आहे. त्या पानाची झेरॉक्स काढताना पेन्सिलीच्या खुणांवर कागदाची पट्टी ठेवा. पोराच्या हातात झेरॉक्स द्या, ब्रेडबोर्ड द्या, बॅटरी द्या आणि तुम्ही शेजारी पेपर वाचत बसा. दिवा लागणार नाही. त्याला चिडू द्या, वायरी उपसू द्या, फोनवर आयसीचे पाय बघू द्या. 'आजोबा, छापताना चुकलंय हे!' असं म्हणून तो उठला की मूळ अंक उघडून तुमची खूण दाखवा, आणि रजिस्टरमध्ये त्या ओळीपुढं त्याचंही नाव लिहा.